आबा प्यायलेलेच नसतील तर?

प्रश्न

(जळगाव जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात.)

मी चौतीस वर्षांचा. जळगावला एमआयडीसीत कामाला आहे, रविवारी गावी जातो. आमचे आबा एकसष्ट वर्षांचे, केळीची बाग तेच बघतात. सात वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला आणि नंतर फिट यायला लागल्या. फेनिटॉइनच्या १०० च्या तीन गोळ्या रोज रात्री घेतात. चार वर्षांत एकही फिट नव्हती. यंदा आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) शिरपूरला लग्नात दोन रात्री जागरण झालं, घरी आल्यावर फिट आली. डॉक्टरांनी तीनच्या चार गोळ्या केल्या. तीनेक आठवड्यांनी आबा झोकांड्या खायला लागले, जीभ जड झाली. एसटी स्टँडवर पडले तेव्हा गावच्या एकाने मला फोन केला, ‘तुना बाप पियेल शे.’ आबा माळकरी आहेत, गळ्याला हात लावून नाही म्हणतात. पण मी स्वतः त्यांना तसं चालताना पाहिलंय. स्टँडवर चारचौघांत मी त्यांना नको ते बोललो. दोन दिवस ते जेवले नाहीत.

फिटचं आम्ही गावात कुणालाच सांगितलेलं नाही, धाकट्या बहिणीचं लग्न जमवायचं आहे. आई म्हणते, लोक दारुड्या म्हणाले तरी चालेल, फेपऱ्याचा नको. मेहुण्यांनी दारू सोडवायच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली आहे, न सांगता चहातून द्यायची. चुलते म्हणतात, फिटची गोळीच उष्ण आहे, डोक्यात जाते, ती बंद करा. आबांना उन्हाळ्यात गजकर्ण झालंय, त्याची आठवड्याला एक गोळी सोडली तर दुसरं काही औषध नाही. चहातून गोळी देऊ की फिटची बंद करू?

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी दोन ओळी कळवल्या होत्या. ती पट्टी देऊ नका, फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि रविवारची वाट न पाहता आबांना डॉक्टरांकडे न्या. तसं का म्हटलं ते आता सविस्तर लिहिते, कारण असं पत्र आपल्याकडच्या कितीतरी घरांतून येऊ शकलं असतं.

मी डॉक्टर नाही. भुसावळात बत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर उभी राहिले. तुमचं पत्र वाचताना तिथे आलेला एक माणूस डोळ्यांसमोर आला. पन्नाशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चिठ्ठी पुढे केली, मी पट्टी दिली, तर एक डोळा मिटून तिच्यावरचं नाव वाचायला लागला. दुसऱ्या हाताने काउंटरची कड घट्ट धरलेली. पैसे देताना एकच नोट दोनदा मोजली. मी म्हटलं, ‘काका, उद्या शुद्धीवर या.’ मागची माणसं हसली. तो काही बोलला नाही, पट्टी तिथेच ठेवून निघून गेला. पंधरा दिवसांनी त्याची बायको दवाखान्याचे कागद घेऊन आली. रक्तातलं फेनिटॉइन खूप वाढलं होतं. एक डोळा मिटत होता, कारण दोन्ही उघडे ठेवले की एका नावाची दोन नावं दिसत होती. औषध ओळखणं हेच माझं काम, हातातल्या चिठ्ठीवर त्या औषधाचं नाव लिहिलेलं, आणि तरी मला दारूच दिसली. त्याची लाज मला आजही वाटते. म्हणून स्टँडवर तुमच्या तोंडून जे गेलं ते कसं गेलं असेल, हे मला कळतं.

तुम्ही धरून चालला आहात की झोकांड्या म्हणजे दारू. फेनिटॉइन रक्तात प्रमाणाबाहेर गेलं की त्याचा पहिला फटका लहान मेंदूला बसतो, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाला. दारूचाही तिथेच बसतो. त्यामुळे दोन्ही माणसं सारखीच दिसतात. पाय फाकवून चालतात, शब्द ओढत बोलतात, हात थरथरतो, एकाचे दोन दिसतात. एक फरक घरच्यांना दिसू शकतो. दारू काही तासांनी उतरते. आबा सकाळी उठल्यावर, तोंड धुवायला न्हाणीकडे जातानाही भिंत धरतात का? दुपारी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेताना हात हलतो का? तोंडाला वास कधी आला होता का? हे आईला विचारा, ती दिवसभर बघते. अर्थात यावरून घरच्या घरी निकाल लावू नका, निकाल रक्ताच्या तपासणीतून लागेल. आणि आबा पडले आहेत, तेही आधी डोक्याला मार लागलेला असताना. मेंदूत रक्त साकळणं, अर्धांगाचा झटका यांनीही तोल जातो. डॉक्टरांना पडल्याचं आवर्जून सांगा.

आता तीनच्या चार गोळ्यांकडे येते. घरात सगळ्यांना वाटलं असणार, एकच तर गोळी वाढली. बहुतेक औषधांच्या बाबतीत हा हिशोब बरोबर असतो, डोस जितका वाढवाल तितकं रक्तातलं प्रमाण वाढतं. फेनिटॉइनचं तसं नाही. तुमच्या ओळखीच्या भाषेत सांगते. केळीच्या काट्यावर चार हमाल आहेत आणि दिवसाला तीन ट्रॉल्या रिकाम्या करणं त्यांना जमतं. रोज दोन आल्या काय, तीन आल्या काय, संध्याकाळी आवार मोकळं. रोज चौथी यायला लागली की पहिल्या दिवशी एक ट्रॉली उभी राहते, आठवड्यात सात, तीन आठवड्यांत रांग पार रस्त्यावर. हमालांनी काम सोडलेलं नसतं, त्यांची ताकदच तेवढी असते. हे औषध मोडून बाहेर काढणाऱ्या यकृताचं असंच होतं. शरीरात अगदी असा आकडेमोडीचा हिशोब चालत नाही, पण ३०० चे ४०० केल्यावर रक्तातलं प्रमाण दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं, हे खरं आहे. आणि ते हळूहळू चढतं. तुमचे तीन आठवडे मला तिथेच खटकले. दुसऱ्या दिवशीपासून तोल गेला असता तर कुणीही गोळीवर बोट ठेवलं असतं. तीन आठवडे मध्ये गेले, म्हणून कुणाला शंका आली नाही.

गजकर्णाचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला ती गोळी सगळ्यात आधी बघायची आहे. आठवड्याला एक म्हणजे बहुधा फ्लुकोनाझोल. पट्टीवर नाव वाचा. तेच असेल तर ते औषध यकृताच्या या कामात अडथळा आणतं, म्हणजे काट्यावरचे दोन हमाल घरी पाठवल्यासारखं. गोळी वाढवली त्याच महिन्यात हमाल कमी झाले असतील तर रांग लागायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात खाज सुटली की लोक दुकानातून ही गोळी परस्पर घेतात, आणि फिटचं औषध चालू आहे हे दुकानदाराला सांगत नाहीत. फिट झाकायची असते ना. क्षयरोगाच्या औषधांतलं आयसोनियाझिड, हृदयाचे ठोके बिघडतात तेव्हा देतात ते अमिओडॅरोन, पित्तावरचं ओमेप्राझोल, यांनीही कमीअधिक असंच होतं. फेनिटॉइन घेणाऱ्या कुणीही नवीन औषध घेताना ही गोळी दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मेहुण्यांनी आणलेल्या पट्टीवरचं नाव तुम्ही लिहून पाठवलं, डायसल्फिराम. पोटात हे असताना माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब इतका उतरू शकतो की जीवावर बेतावं. म्हणून हे औषध माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं असतं. चहातून देणं हा त्या माणसाच्या जीवाशी खेळ आहे, तो पीत असला तरीही. आबांच्या बाबतीत दुसरा धोका याहून मोठा. डायसल्फिराम फेनिटॉइनचा निचराही अडवतं, आणि चांगलंच अडवतं. म्हणजे दारूला न शिवलेल्या आबांना तुम्ही ती गोळी दिली असती, तर त्यांच्या झोकांड्या आणखी वाढल्या असत्या, आणि घरात सगळे म्हणाले असते, बघा, अजून पितो. भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. त्या पुड्यांत काय असतं हे पुडीवर लिहिलेलंही नसतं. ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, कुणाच्याही चहात, भाजीत काही मिसळू नका.

चुलत्यांचं म्हणणंही ऐका, पण अर्धंच. गोळीने त्रास होतोय हा त्यांचा अंदाज बरोबर निघेल असं मलाही वाटतं. ती बंद करा हे मात्र फार धोक्याचं आहे. एकाएकी बंद केली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. फिट पाच मिनिटांच्या वर चालली तर १०८ ला फोन करायचा, कुठला काढा पाजत बसायचं नाही. फिट चालू असताना कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको.

या औषधाला वाईट ठरवून टाकू नका. ते १९०८ साली जर्मनीत बिल्ट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा बनवलं आणि तीस वर्षं तसंच पडून राहिलं. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी दाखवून दिलं की त्याने फिट थांबतात आणि माणूस गुंगीतही राहत नाही. त्याआधीची ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटल माणसाला सुस्त करायची. मेंदूतल्या पेशी एकापाठोपाठ एक भडकत सुटतात, ते भडकणं हे औषध आवरतं. स्वस्त आहे, दिवसातून एकदा घेतलं तरी बहुतेक मोठ्या माणसांना पुरतं. डोक्याला जबर मार लागला की पहिल्या आठवड्यात फिट येऊ नये म्हणून देतात, न थांबणाऱ्या फिटमध्ये शिरेतून देतात, चेहऱ्याच्या नसेच्या जीवघेण्या कळेवरही कधीकधी देतात. तेव्हा चिठ्ठीवर हे नाव दिसलं म्हणजे त्या घरात फेपरंच आहे असं कुणी समजू नये. आबांची चार वर्षं याच गोळीने सांभाळली. प्रश्न मापाचा आहे, आणि माप मोजता येतं.

डॉक्टरांना फेनिटॉइनची रक्तातली पातळी तपासायला सांगा. नमुना शक्यतो रात्रीची गोळी घेण्याआधी द्यायचा. साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम दर मिलीलिटर ही चांगली पातळी मानतात. २० च्या वर बुबुळं थरथरायला लागतात, ३० च्या आसपास तोल जातो, ४० च्या पुढे गुंगी आणि भ्रम. सोबत अल्ब्युमिन तपासा म्हणावं, कारण हे औषध रक्तातल्या त्या प्रथिनाला चिकटून असतं. ते कमी असेल तर आकडा ठीक दिसतो आणि माणूस मात्र डुलतो. जळगावला किंवा धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकाराबद्दल विचारा. नमुना बाहेर पाठवावा लागला आणि निकालाला दोन दिवस गेले, तर तोवर रात्री किती गोळ्या द्यायच्या हे डॉक्टरांनाच विचारा. आबा फार झोपायला लागले, बरळायला लागले, उलट्या झाल्या तर निकालाची वाट न बघता दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. फिट आली, त्यांनी डोस वाढवला. पण शिरपूरच्या त्या दोन रात्री आबांनी गोळ्या घेतल्या होत्या का? लग्नघर, पाहुण्यांचा गराडा, आणि आजार लपवायचा. पाहुण्यांदेखत पट्टी बाहेर काढायची तरी कशी? घेतल्या नसतील तर तीन गोळ्या कमी पडल्याच नव्हत्या, चुकल्या होत्या. मग चौथीची गरजच नव्हती. आबांना हे रागावून विचारलंत तर ‘घेतल्या’ असंच म्हणतील. शांतपणे विचारा आणि उत्तर डॉक्टरांना सांगा. पुढचा मार्ग त्यावर ठरेल. ते परत तीनवर आणतील, किंवा ५० च्या गोळीने अधलंमधलं माप बसवतील, किंवा लेव्हेटिरासिटामसारखं दुसरं औषध हळूहळू चढवत हे उतरवतील. त्या औषधाची यकृतातली ही ओढाताण नसते, पण काही जण त्याने फार चिडचिडे होतात. ‘दोनेक वर्षं फिट नसली तर गोळी सुटते’ असं तुम्हाला कुणी सांगेल. तो विचार डॉक्टर करतातही, पण डोक्याच्या जुन्या माराने आलेली फिट आणि परवाच येऊन गेलेला झटका बघता आत्ता ती वेळ नाही. डोस कमी झाल्यावर तोलही लगेच सावरणार नाही, उभी राहिलेली रांग हटायला दिवस लागतात. तोवर आबांना विहिरीच्या काठाशी, पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी आणि मोटारसायकलवर एकटं जाऊ देऊ नका.

ज्यांच्या घरात ही गोळी आहे अशा बाकीच्यांसाठीही थोडं. हिरड्या वाढून दातांवर येतात. रोज नीट ब्रश केला आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवत राहिलं तर ते आवाक्यात राहतं. मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, आणि ती मुलगी कुणाशी बोलत नाही, तिच्याशी आपण बोलावं. वर्षानुवर्षं घेतलं की ड जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. गोळी नव्याने सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, ही जीवघेणी रिअॅक्शन असू शकते. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर याने कमी होतो, आणि पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला, राहिल्यावर घाबरून गोळी फेकू नका. लहान मुलाला पातळ औषध असेल तर बाटली दर वेळी जोरात हलवा. औषध तळाशी बसतं, मग वरवरच्या चमच्यांनी फिट येतात आणि शेवटच्या चमच्यांनी पोर झिंगतं. आणि दुकानात ‘दुसऱ्या कंपनीची देऊ का’ म्हटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

आता तुमच्या आईच्या त्या वाक्याबद्दल. गावाने आबांना दारुड्या ठरवलं, कारण झोकांडीचं दुसरं कारण गावाला कधी सांगितलंच नव्हतं. त्या माउलीला मुलीची काळजी आहे, ती खोटी नाही. पण मार लागून आलेली फिट मुलीकडे जात नाही. ती तुमच्या बहिणीच्या रक्तात नाही, आबांच्या डोक्यावरच्या व्रणात आहे, आणि हे कुठल्याही पाहुण्यांना एका वाक्यात सांगता येतं. कायद्यानेही १९९९ सालच्या दुरुस्तीत हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्माराची अट काढून टाकली आहे, म्हणजे ज्याला स्वतःला फिट येतात त्याच्याही लग्नाच्या आड कायदा येत नाही. बापाला दारू लागलीय म्हटल्यावर स्थळं परत जात नाहीत का? गावभर दवंडी द्या असं मी म्हणत नाही. बागेवरचे सालदार, शेजारचं एक घर आणि औषधाचा दुकानदार, एवढ्यांना तरी माहीत हवं. फिट आली की हात त्यांचेच लागणार आहेत.

राहिले आबा. तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रातली सगळ्यात जड ओळ त्यांच्या न जेवण्याबद्दल होती. रिपोर्ट यायची वाट बघू नका. आकडा जास्त निघाला म्हणून मागितलेली माफी रिपोर्टपुढे मागितल्यासारखी होईल. आधी जा, जवळ बसा, आणि सांगा की मी तुम्हाला न विचारता ठरवून टाकलं. समजा पुढे ते खरंच पितात असं निघालं, तरी चारचौघांत बोलणं चूकच होतं, आणि तेव्हा लपून गोळी देण्यापेक्षा त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाण्याचा रस्ता उघडा राहील. एसटी स्टँडवरच्या त्या माणसांना काय सांगायचं ते आबांना विचारून ठरवा. आजार त्यांचा आहे.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, गजकर्णाचीही. आकडा आला की मला कळवा. शिरपूरच्या त्या दोन रात्रींचं काय निघालं, तेही लिहा.